किडा भिंत बघून खात नाही

दप्तरखान्यात तिला सगळे खळबाई म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. सकाळी आल्या आल्या ती पिठाची खळ शिजवायला ठेवी, गाठी होऊ नयेत म्हणून एकाच दिशेने ढवळत बसे, आणि तो वास जिन्यापर्यंत पोचला की लोक समजत, बाई आल्या. तेवीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. फाटलेले कागद जोडायचे, कुरतडलेल्या कडा भरायच्या, पडलेली भोकं बुजवायची. मान मोडून करायचं काम, पण हात असा बसलेला की जोडलेली जागा भिंग लावूनही सापडू नये. तिला हे शिकवणारे बाइंडरकाका दोन गोष्टी बजावून गेले होते. आपण लावलेलं उद्या कुणालाही काढता आलं पाहिजे, ही एक. आणि कागदाला हात लावण्याआधी तो नीट बघायचा, ही दुसरी. पहिली तिने जिवापाड पाळली. दुसरीचं काय झालं, तीच तर ही गोष्ट.

घरी नवरा आणि सासरे. सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. आता डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे, पण बोटं अजून तल्लख. शर्टाचं बटण सैल झालंय हे बोटं फिरवून सांगत. स्वभावाने अबोल. सून घरात आली तेव्हापासून त्यांनी स्वतःविषयी चार वाक्यं सलग बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग गेल्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ वारला आणि महिन्याभरात म्हातारबुवा बोलायला लागले. म्हणाले, मला एक बहीण होती. धाकटी. भिंगरी म्हणायचो आम्ही तिला, कारण ती सदा गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडायची, उठून पुन्हा फिरायची. तीन वर्षांची असताना तापाने गेली. आईने त्या दिवसापासून तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही, आणि मग सगळ्यांनी जी अळीमिळी गुपचिळी केली ती जन्मभर. दादाने तर लोकांना सांगून टाकलं, आम्ही दोघे भाऊच. आता दादाही गेला.

ऐकणाऱ्याला पाझर फुटावा अशी गोष्ट. पण पुढचा भाग आला की घरातले एकमेकांकडे बघत. म्हणे खानेसुमारीवाला, म्हणजे जनगणनेचा माणूस, दारात आला होता. कोटाच्या कॉलरला सुई खोचलेली. आईला विचारलं, रात्री इथे किती जण झोपतात? आई म्हणाली पाच. त्याने हातातल्या कागदाला पाचदा सुई टोचली. भिंगरीने विचारलं, यातलं माझं कुठलं? त्याने दाखवलं. तर ती म्हणाली, मला नाही दुखलं.

आता तुम्हीच सांगा, माणसं सुईने मोजतात होय? नवऱ्याने आधी हसण्यावारी नेलं. पण म्हातारबुवा दर आठ दिवसांनी तेच सांगू लागले, आणि दर वेळी सुई होतीच. शेवटी त्यानेच बायकोला सुचवलं, तुझ्याच दप्तरखान्यात त्या सालच्या जनगणनेची वही असेल, बघ ना एकदा. पडत्या फळाची आज्ञा. तिने वही काढली. गट एकतीस, घर सतरा, सासऱ्यांच्या वडिलांचं नाव, धंदा सुतार, आणि पुढच्या रकान्यात स्वच्छ, गोल अक्षरात: माणसं चार.

घरी येऊन तिने तसंच सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? "बाबा, वहीत चारच आहेत."

म्हातारबुवांनी शर्टाच्या बटणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "असेल, बाई. वही कशाला खोटं बोलेल? मीच घडवली असेन तिला."

त्यानंतर त्यांनी भिंगरीचं नाव काढलं नाही. डॉक्टरांनी भास कमी व्हावेत म्हणून एक गोळी लिहून दिली, त्या गोळीने ते दुपारभर पेंगत. नवऱ्याला वाटलं, चला, सुटले. पण खळबाईला ते वाक्य काट्यासारखं बोचत राहिलं. एक लेकरू आई मेल्यावरही या एका माणसाच्या आठवणीत टिकून होतं, आणि तिथूनही ते काढलं कुणी, तर आपण. तेही वही वाचून दाखवून. जेवायला वाढताना ती त्यांच्या तोंडाकडे बघायची टाळू लागली.

असेच पाच-सहा महिने गेले. मग दप्तरखान्यात नवे कागद आले. नवे म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचे. कुठल्याशा तळघरात सापडलेले, त्याच जनगणनेचे कच्चे नकाशे. खरं तर हे नकाशे आज असायलाच नको होते. मोजणी संपली की ते जाळून टाकायचे, असा लेखी हुकूम होता. कुणा कारकुनाने आळस केला आणि गठ्ठा कपाटामागे ढकलला. देव त्या आळशाचं भलं करो.

हे नकाशे बनत कसे, ते ऐकण्यासारखं आहे. दोन माणसं लोखंडी साखळी ओढत गल्लीगल्लीतून जात. एक पुढे, एक मागे, तिसरा कागदावर रेघा मारत. शहराचे गट पाडायचे, एका गटात साठ-सत्तर घरं, एका माणसाला एक गट. घर म्हणजे नखाएवढा चौकोन. आणि गटाची हद्द नुसती रेघ मारून भागत नसे, ती शब्दांत लिहावी लागे, म्हणजे उद्या रेघ पुसली तरी हद्द राहावी. बत्तीस नंबरच्या कागदावर कडेला बारीक अक्षरात असं वर्णन होतं. विहिरीच्या कठड्यापासून पुढे, रंगाऱ्याच्या भिंतीला डावीकडे ठेवून, लोहाराच्या भट्टीपर्यंत. तिथून गल्लीच्या मधोमध, गटाराच्या कडेने नव्हे. ते 'नव्हे' वाचून खळबाईला हसू आलं. गटारावरून भांडण झालं असणार त्या दिवशी. पुढे आणखी एक टीप होती. अमुक घर दोन्ही गटांत पडतं. चूल पलीकडे, बिछाने अलीकडे. माणूस झोपतो तिथला धरावा. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी परक्याच्या घरात उभं राहून, बिछाने कुठे पसरतात ते विचारून, हे लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. तेवीस वर्षांत ती किती कागदांवर वाकली असेल, पण त्यावरचं असं सावकाश कधी वाचलं नव्हतं. कागद फाटलाय कुठे, तेवढंच बघायची सवय.

मग खळीची वाटी जवळ ओढली. कागदाला बारीक बारीक भोकं होती, शेकड्यांनी. दुरुस्तीच्या तक्त्यात 'नुकसानीचं कारण' असा रकाना असतो. तिने हाताच्या सवयीने लिहिलं: कसर. कागद खाणारा किडा तिला पाठ होता. असल्या भोकांत कागदाचा लगदा आणि खळ भरायची, मागून पातळ कागद लावायचा, की काम झालं. कुंचला बुडवला, पहिल्या भोकावर नेला, आणि हात थांबला.

गल्लीत एकही भोक नव्हतं.

तिने भिंग घेतलं. विहिरीवर भोक नाही. कडेच्या कोऱ्या जागेत नाही. हद्दीच्या रेघेवर नाही. सगळी भोकं चौकोनांच्या आत. एका मोठ्या चौकोनावर 'वसतिगृह' लिहिलं होतं, तिथे भोकं रांगेने होती, शाळेतल्या मुलांसारखी. नाक्यावरच्या चौकीदाराच्या खोपटात एकच. आणि एका घरावर लिहिलं होतं 'कुलूप', त्यात एकही नाही.

किडा काय भिंत बघून खातो? की कुलूप बघून उपाशी राहतो?

तिने कुंचला खाली ठेवला. उठून बत्तीस गटाची वही आणली. घर एक, माणसं सहा. कागदावर सहा भोकं. घर दोन, माणसं तीन, तीन भोकं. घर तीन, अकरा; अकरा. दहाव्या घरापर्यंत एकही आकडा चुकला नाही. कागद दोन्ही हातांनी धरून तिने खिडकीसमोर उचलला, आणि उन्हाने सगळं शहर उघडं केलं. रेघा दिसेनाशा झाल्या. दिसत होते फक्त उजेडाचे ठिपके, तीनशेवर, घराघरांतून दाटीवाटीने बसलेले. चार इथे, सात तिथे, चौकीदार एकटा. त्यातलं बहुतेक कुणी आता जगात नव्हतं, आणि सगळे जागच्या जागी होते. आजवर तिने देवापुढे हात जोडले असतील तेही सवयीने, पण त्या क्षणी हात मोकळे असते तर ते आपोआप जुळले असते.

कागदाच्या मागच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, टीप सापडली. शाई फुटते, शिसपेन्सिल पुसते, सुई बरी, पर्यवेक्षकांच्या सांगण्यावरून.

सुई. कोटाच्या कॉलरला खोचलेली सुई.

म्हातारबुवा खरं सांगत होते. निदान सुईचं तरी खरं होतं. एकतिसावा गट म्हणजे याच गल्लीची पलीकडची बाजू. हद्द मधोमध जाते, गटाराच्या कडेने नव्हे. मग एकतिसाचा नकाशा कुठाय? तो कुठाय हे तर तिला चांगलं ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ वर्षांपूर्वी याच जनगणनेचे, असेच जाळायचे राहून गेलेले, एकेचाळीस नकाशे तिच्या हातून गेले होते. एक ते एकेचाळीस गट नव्हेत, इकडचे तिकडचे, पण एकतीस त्यांत होता. तिने ते सगळे दुरुस्त केले होते. एकूण एक भोक बुजवलं होतं, वर्षभर खपून, इतक्या सफाईने की वरून प्रशस्तिपत्रक आलं. ते साहेबांच्या खोलीत भिंतीवर काचेत लावलेलं होतं. तेरा हजारांच्या घरात माणसं, आणि हिने एकेकाला खळ भरून मिटवून टाकलं, वर शाबासकी घेतली. हसावं की रडावं?

साहेब म्हणजे कोरडं प्रकरण. नियमावलीपलीकडे त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. तिने त्यांना बत्तीस नंबर खिडकीशी धरून दाखवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूक आधी, मग सासऱ्यांची बहीण. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा कागदाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकाकडे एक नजर टाकून म्हणाले, "बाई, हे निघेल?"

"निघावं म्हणूनच तसं लावलंय, साहेब."

मनातल्या मनात तिने बाइंडरकाकांचे पाय धरले.

पण निघेल म्हणणं आणि काढणं यात फरक असतो. खळ भिजवायची तर कागद ओला होणार, आणि जुनी शाई ओली झाली की पसरायला निमित्तच शोधत असते. तिने आधी एका रेघेच्या टोकाला पाण्याचा थेंब लावून बघितला. शाई हलली नाही. मग ओलसर टीपकागद पालथ्या नकाशावर ठेवला, वर काच, वर हलकं वजन, आणि बसून राहिली. घाई केली की मागचा कागद जुन्या कागदाची साल घेऊन निघतो. तासाने एक कोपरा सुटला. तिने स्वतःचाच आठ वर्षांपूर्वीचा हात हळूहळू सोलून काढला. मग एकेक भोक, मऊ केसांच्या कुंचल्याने. लगदा फुगून वर येई, टिपून घ्यायचा, पुढचं. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली. नवऱ्याने विचारलं, इतकी गप्प का. तर म्हणाली, मान दुखतेय. खोटं नव्हतं ते. पण खरं कारण भीती होती. सतरा नंबरात चारच निघाले तर? मग सुई खरी ठरेल आणि भिंगरी खोटी. त्यापेक्षा न शोधलेलं बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सतराव्या घरापाशी आली. पहिलं भोक मोकळं झालं. दुसरं, तिसरं, चौथं. कुंचला आणखी थोडा पुढे सरकला आणि लगद्याखाली काहीतरी अडलं. तिचं नव्हतं ते. एक कागदाचा तुकडा, तिळाएवढा, निळसर, वहीच्या पुठ्ठ्याचा वाटावा असा, भरड कोंड्याच्या खळीने चिकटवलेला. तिच्या आधी कुणीतरी हे भोक बुजवलं होतं, आणि तिने आठ वर्षांपूर्वी न बघता त्यावर आपली खळ थापली होती.

ती तुकड्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं. मोजणीच्या फेऱ्या दोन होत. पहिली कच्ची. मग पंधरवड्याने, ठरलेल्या दिवशी, पुन्हा त्याच दारांत जायचं. मधल्या काळात कुणी जन्मलं तर नवं भोक. पण कुणी गेलं तर? सुई टोचली की टोचली, ते खोडता येत नाही. वहीत चार लिहून मोकळं होता येतं, कारण वहीत पक्का आकडा जातो. कागदावरच्या पाचव्याचं काय करायचं, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं. हा नकाशा तर जाळायचाच होता. शाईने फुली मारली असती तरी चाललं असतं. काहीच केलं नसतं तरी कोण बघायला येणार होतं? त्या माणसाने घरी जाऊन निळा कागद कापला, चारी कोपरे काटकोनात, आणि ते एवढंसं भोक मागून झाकलं. तिने साऱ्या कागदावर भिंग फिरवलं. पातळ लगद्याआडून निळसर दिसणारे असे एकूण सात तुकडे होते. वाईट पंधरवडा गेला असणार तो, त्या गल्लीला. सातही तुकडे सारखे, सातही सरळ.

तुकडा सोलून खालचं भोक बघावं, असं बोटांना फार वाटलं. तिने बोटं मागे घेतली. तो हात तिचा नव्हता, तिला तो काढायचा हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांना गाडीत घालून दप्तरखान्यात घेऊन आली. सकाळची गोळी तिने दिलीच नव्हती. नवरा कुरकुरत का होईना, बरोबर आला. साहेबांनी नियमाला एकदा फाटा दिला. म्हातारबुवांचे हात त्यांनी स्वतः समोर उभं राहून साबणाने धुवायला लावले आणि कोरडे करून घेतले. नकाशा टेबलावर पालथा ठेवला होता. सुई वरून टोचली की मागच्या बाजूला भोकाभोवती कागदाची बारीक कड उठते. डोळ्यांना ती धड दिसत नाही. घड्याळजीच्या बोटाला ती पुरेशी होती.

तिने त्यांचं बोट धरून सतराव्या घरावर ठेवलं आणि सांगितलं, बाबा, हे तुमचं घर. सुईवाल्याचा कागद आहे हा.

म्हातारबुवांचं बोट हललं नाही. मग अगदी सावकाश, काट्याचं टोक चाचपावं तसं, पुढे सरकलं. एक, ते पुटपुटले. दोन. तीन. चार. आणि तिथून केसभर पुढे जाऊन थांबलं. ते बोट त्या तुकड्याभोवती फिरलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, चारी कडांनी.

"हे पाचवं झाकलंय कुणीतरी," ते म्हणाले.

तिने सांगितलं. दोन फेऱ्या, मधला पंधरवडा, निळा कागद, सगळं. वहीत चार का, तेही.

म्हातारबुवांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते. बोट तुकड्यावरून काढलं नाही.

"तिच्या अंगावर कधी पांघरूण राहायचं नाही," ते म्हणाले. "लाथेने उडवायची. आई रात्रीतून चारदा उठायची घालायला. या माणसाने बरं चिकटवून ठेवलंय."

दाराशी उभा असलेला नवरा पुढे आला आणि वडिलांच्या खुर्चीशेजारी खाली बसला. त्याने विचारलं, भिंगरी दिसायला कशी होती? म्हातारबुवा सांगू लागले. साहेब हळूच बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या सकाळी जिन्यापर्यंत खळीचा वास आला नाही. लोकांना वाटलं, बाई रजेवर. बाई आत होत्या. ओला टीपकागद हातात घेऊन एकतीस नंबरच्या अठराव्या घराशी बसल्या होत्या, आणि अजून चाळीस नकाशे बाकी होते.